रूमेनाचं कुंपण

रूमेनाला लोक तिरसट म्हणतात. लोक म्हणजे कोण, हा प्रश्नच आहे, कारण आमच्या स्तारा प्लानिना डोंगरावरच्या त्या वाडीत ती धरून आता चारच माणसं उरली आहेत आणि त्यांतला एक ठार बहिरा आहे. पण खालच्या गावात, जिथे पावाची गाडी येऊन थांबते, तिथे तिचं नाव निघालं की कुणीतरी हात झटकतंच. मी त्या गावात पस्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. रूमेनाला मी चांगली ओळखते. ती तिरसट आहेच. पण ज्या गोष्टीवरून लोक तिला नावं ठेवतात ती गोष्ट त्यांना धड माहीत नाही, म्हणून लिहिते.

तिच्या घरामागे डोंगराचा एक उतार आहे, दक्षिणेकडे तोंड केलेला, तिच्या सासऱ्यांच्या नावावरचा. त्यावर परीची चाळण उगवते. तुमच्याकडचा उटकटारा असतो ना, त्याच कुळातली, पण हिला देठ नाही. काटेरी पानांचं एक चक्र जमिनीला चिकटून बसतं आणि त्याच्या मधोमध बशीएवढं, पिकल्या गवताच्या रंगाचं फूल. हवा कोरडी असली की उघडं, पाऊस यायचा असला की मिटलेलं. आमच्याकडे ते दारावर खिळ्याने ठोकतात, म्हणजे वाईट नजर काट्यात अडकते. मूळ रकियेत, म्हणजे आमच्या फळांच्या दारूत, घालून ठेवलं की पोटाला बरं. पाण्यात उकळलं की चिघळलेल्या जखमा धुवायला. ते मी माझ्या दुकानातही ठेवत असे आणि गोळ्यांपेक्षा जास्त खपत असे, खोटं कशाला सांगू.

या झाडाची एक खोड आहे. ते आयुष्यात एकदाच फुलतं. कित्येक वर्षं नुसती पानं पसरून बसतं, मग एका उन्हाळ्यात फुलतं, बी टाकतं आणि मरतं. त्यामुळे फूल खुडून दारावर ठोकलं की त्याची सगळी पोरंबाळं दारावर गेली. आणि फुलायच्या आधी मूळ खणलं तर काही विचारूच नका.

रूमेनाच्या घरात मूळ काढायची रीत होती. फुलून वाळलेल्या झाडाचंच काढायचं, बी झटकून टाकून. हे तिला सासूने शिकवलं होतं. तिचा नवरा स्तानिमिर होता तेव्हा दोघं मिळून शरद ऋतूत एक पोतं मुळं काढत, आणि त्यातलं अर्धं ग्रादिमिरकडे जाई. ग्रादिमिर खालच्या खोऱ्यातला मेंढपाळ. रूमेनाच्या लग्नात तोच कूम होता. कूम म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. लग्नात जो तुमच्यामागे उभा राहिला तो तुमचा कूम, बाई असलात तर तुम्ही त्याची कुमा, जन्माचे बांधले गेलात. सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक दोन दिवस बोलतात, कूमशी भांडलात तर दोन पिढ्या. तर, मुळांच्या काढ्याने ग्रादिमिर आपल्या मेंढ्यांचे सडलेले खूर धूत असे, आणि त्याच्या मेंढ्या जॉर्ज संताच्या दिवसापासून, म्हणजे वसंतापासून, रूमेनाच्या उतारावर चरत. भाडं नाही, हिशेब नाही. कधी चीजचा गोळा यायचा, कधी लोकर.

स्तानिमिर गेला. मुलगा व्हिएन्नात बांधकामावर होता, तो तिकडचाच झाला. तो दर नाताळात फोन करून म्हणायचा, आई इकडे ये, इथे लिफ्ट आहे. रूमेना म्हणायची, माझं घर जमिनीवर आहे, मला लिफ्ट घेऊन करायचंय काय.

मग एका ऑगस्टमध्ये ती शहरात डोळे दाखवायला गेली आणि बहिणीकडे दोन रात्री राहिली. परत आली तो उतार नांगरल्यासारखा. कुणीतरी गाडी घेऊन आलं होतं आणि कुदळींनी लहानमोठं दिसेल ते उपसून नेलं होतं. जे नेलं नाही त्यातलंही बरंचसं उलटं पाडून ठेवलं होतं. कोण होते ते कधी कळलं नाही. मी चार दिवसांनी वर गेले तेव्हा ती उलटी पडलेली झाडं पुन्हा खड्ड्यांत बसवत होती, बादलीने पाणी घालत होती. मी तिला म्हटलं की ती जगणार नाहीत. ती म्हणाली, तुमचं दुकान बंद करायची वेळ झाली नाही का?

त्यानंतर तिने कुंपण घातलं. द्राक्षमळ्यातले जुने खांब उपटून आणले, कुठून तरी काटेरी तार मिळवली आणि एकटीने तो सगळा उतार बांधून काढला. वरची बाजू पुरी व्हायची होती. त्या उघड्या बाजूने, नेहमीसारखा, ग्रादिमिरचा कळप आत आला. पुढे घंटा बांधलेला एडका, गालेशा त्याचं नाव, मागून सगळ्या मेंढ्या. दुपारचं ऊन होतं, त्या जे उरलंसुरलं होतं त्याच्यावरच बसल्या. रूमेनाने दगड उचलले. एक दगड गालेशाच्या पुढच्या पायावर बसला आणि पाय मोडला.

ग्रादिमिर वर आला, एडका खांद्यावर घेतला, कळप वळवला आणि गेला. एडका त्याला कापावा लागला. त्यानंतर तो तिच्या उतारावर आला नाही, ती त्याच्या घरी गेली नाही. रस्त्यात गाठ पडली की दोघं आभाळाकडे बघत.

आता जे झालं त्याने सगळ्यांचीच दिशाभूल झाली. कुंपणानंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत उतार असा फुलला की पूर्वी कधी फुलला नव्हता. कुदळीतून वाचलेली झाडं होती, ती एकामागून एक वयात आली. निसर्ग जपणाऱ्या खात्यातली माणसं आली, फोटो काढून गेली, कुंपणाचं कौतुक करून गेली. रूमेना खालच्या गावात येऊन पावाच्या रांगेत उभी राहिली की मुद्दाम मोठ्याने सांगायची, बघा, मेंढ्यांचे खूर नाहीत तर कसं फुलतं. हे ग्रादिमिरच्या कानावर जावं म्हणूनच ती सांगत होती आणि ते जातही होतं.

मग फुलं कमी झाली. एक वर्ष कमी, पुढच्या वर्षी आणखी. रूमेनाने उन्हाला दोष दिला, डुकरांना दिला, वरून जाणाऱ्या विमानांनाही दिला असता. गवत कमरेएवढं वाढलं होतं. वरच्या कडेने जंगली आलुबुखाराची काटेरी झुडपं खाली सरकत होती. गवत वाळायचं, आडवं पडायचं, त्यावर नवं यायचं. खाली माती दिसत नव्हती.

गेल्या जूनमध्ये मी वर गेले होते. माझे गुडघे आता वर जाताना कुरकुरतात, पण तिथे जायला दुसरं कुणी नाही. रूमेनाची एक शेळी आहे. ती कुंपणाच्या आत, खालच्या कोपऱ्यात, खुंटीला बांधलेली असते. दोराच्या टप्प्यात येईल तेवढं तिने खाऊन, तुडवून सपाट केलं होतं, आणि त्या उघड्या गोल मातीत परीच्या चाळणीची पोरं उगवली होती. बोटभर, काटेरी, हिरवीगार. दोराच्या बाहेर एकही नाही.

मी तिला हाताला धरून तिथे नेलं आणि म्हटलं, "रूमेना, तुला मेंढ्या हव्या आहेत."

ती खाली बघत राहिली. तिनेही ते पाहिलं होतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. आधीच पाहिलं होतं आणि कुणी बोलू नये असं तिला वाटत होतं.

"शेळी पुरते की," ती म्हणाली.

"शेळी एवढ्याला पुरते. तो सगळा डोंगर कोण तुडवणार? तू?"

तिने मला कॉफी विचारली नाही. आमच्याकडे याचा अर्थ स्पष्ट असतो. मी उतरले.

ऑक्टोबर संपता संपता पावाच्या गाडीवाल्याने बातमी आणली की ग्रादिमिर कळप विकतोय. मुलगी नीश शहरात असते, तिने त्याच्यासाठी खोली रिकामी केली होती. मित्रोवदान झाला की, म्हणजे दिमित्रीय संताच्या दिवसानंतर, व्यापाऱ्याची मोठी गाडी येणार. त्या दिवसानंतर आमच्याकडे मेंढपाळांचं वर्ष तसंही संपतं. अख्ख्या डोंगरावर तेवढाच एक कळप राहिला होता. गाडीवाला कधीमधी वाडीतल्या म्हाताऱ्यांना पाव द्यायला वर जातो, तो रूमेनालाही हे सांगून आला. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. फोनसाठी तिला उताराच्या माथ्यावर चढावं लागतं, त्यामुळे ती उगाच कधी करत नाही. म्हणाली, "मित्रोवदानला तुमची मोटार चालू होईल का?"

मला लगेच कळलं. मित्रोवदान हा ग्रादिमिरच्या घरचा स्लावा. घराण्याच्या संताचा दिवस. बापाकडून मुलाकडे येतो. स्लावाला कुणाला बोलवत नाहीत. दार उघडं असतं, ज्याला आठवण आहे तो येतो, आणि जो आला त्याला परत पाठवता येत नाही, मग तो कोणीही असो. वैरी असला तरी. वैऱ्याला एरवी त्या उंबऱ्यावर पाय ठेवायला दुसरा दिवसच नाही.

पण त्याच रिवाजात एक अडचण होती आणि ती आम्हा दोघींना चांगली ठाऊक होती. स्लावाच्या मेजावर खरेदी-विक्री, मागणं, हिशेब यांतलं काही काढत नाहीत. मेणबत्ती जळत असते तोवर घर संताचं, यजमान नुसता वाढपी. तो बसतसुद्धा नाही. म्हणजे आत जायला मिळणार, पण ज्यासाठी जायचं ते बोलायला मिळणार नाही.

आम्ही दुपारच्या आधी पोचलो. रूमेनाने काळा रुमाल बांधला होता आणि हातात दारूची बाटली, जशी पाहुण्याने न्यायची तशी. ग्रादिमिर दारात उभा होता, इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. इस्त्री त्याने स्वतः केली होती, कारण एका बाजूला जळकी खूण होती. त्याने आधी मला पाहिलं, मग तिला.

"स्लावा सुखाचा होवो, यजमान," रूमेना म्हणाली.

"ये, कुमा. दार उघडंच आहे."

आत लांब मेज मांडलं होतं. दोन मेजं जोडून वर एकच चादर, ताटं भिंतीपर्यंत. कोबीच्या आंबवलेल्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात मोठ्या मातीच्या भांड्यात, भाजलेलं मटण, कापलेली पवित्र भाकर, उंच मेणबत्ती. आणि माणूस एकही नाही. पाद्री सकाळी येऊन भाकर कापून पुढच्या घरी गेला होता. मुलीने फोन केला होता की नातवाला ताप आहे. बाकीचे जे पूर्वी यायचे ते आता दफनभूमीत होते. आम्ही दोघी त्या लांब मेजाच्या एका टोकाला बसलो आणि तो आमच्यामागे उभा राहिला, हातात पळी घेऊन.

रिवाजाप्रमाणे आधी शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा घ्यायचा. रूमेनाने घेतला, चावला.

"साखर सांडली का हातातून?"

"चष्मा सापडत नव्हता."

"कुठे होता?"

"डोक्यावर," ग्रादिमिर म्हणाला.

इतकंच. मग आम्ही जेवलो. त्याने वाढलं, आम्ही खाल्लं, त्याने परत वाढलं. हवा, गुडघे, कोण मेलं, पावाच्या गाडीला उशीर. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ कंटाळवाणी जेवणं जेवले आहे, पण त्या दिवशी मेणबत्तीकडे जेवढं बघितलं तेवढं कधी चर्चमध्येही बघितलं नसेल. जाड मेणबत्ती होती. माझ्या मनात आलं की खिडकी उघडावी, वारा तरी येईल. बाहेर वाड्यात मेंढ्या होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि दर वेळी आवाज आला की दोघंही बोलायचे थांबत आणि मग हवेबद्दल बोलत.

एकदा ग्रादिमिर दारापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघून आला. परत आल्यावर त्याने आमच्या शेजारच्या दोन रिकाम्या ताटांतले चमचे सरळ केले. रूमेनाने ते पाहिलं. ती त्या वेळेपर्यंत पाठ ताठ करून बसली होती; तिथून पुढे ती जरा टेकून बसली आणि मला म्हणाली, घाई आहे का तुम्हाला? मला घाई नव्हती.

उन्हं डोंगरामागे गेली तेव्हा त्याने वाइनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवली, क्रूसाची खूण केली आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला. दिवसभर उभा राहून थकलेला दिसत होता.

रूमेनाने एक क्षणही जाऊ दिला नाही.

"मला तुझ्या मेंढ्या हव्यात. उद्या. एक दिवस."

"परवा गाडी येते. शब्द दिलाय मी."

"परवा येऊ दे गाडी. मी उद्याचं म्हणतेय."

"कशाला हव्यात?"

"तुडवायला."

त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी भाषांतर करीन. रूमेना मेजाच्या चादरीवरचे भाकरीचे कण गोळा करत होती.

"बी पडलंय थोडं. शेवटची दोन-चार फुलली होती त्यांचं. गवतातच अडकून बसलंय, मातीला लागत नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं, कूम. मी कुंपण घातलं आणि मारलं त्यांना."

ग्रादिमिर म्हणाला, "गालेशा म्हणत होतो मी त्याला."

"माहीत आहे मला. मीच मारला त्याला."

"पाय मोडलास. मारला मी." त्याने पेल्यात दारू ओतली, तिला, मला, मग स्वतःला. "बारा वर्षं झाली, एकदा येऊन म्हणाली असतीस."

"काय म्हणायचं होतं?"

"काहीही. कॉफी मागितली असतीस."

मग त्याने विचारलं, कुंपण आहे अजून?

"तू येईपर्यंत नसेल."

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी, सत्तरी उलटलेली बाई, पकडीने काटेरी तार कापत होते. हातमोजे होते तरी मनगटं ओरबाडली. रूमेना खांब उपटून बाजूला फेकत होती, आणि असे फेकत होती की मी लांब उभं राहणंच पसंत केलं. तार गुंडाळून होते न होते तोच खालून घंटा ऐकू आली.

मेंढ्या काही आत जाईनात. त्यांच्या छातीला लागणारं वाळलं गवत, खाली पाय कुठे पडतो ते दिसेना. पुढची थांबली की सगळ्या थांबत आणि एकमेकींच्या पाठीवर तोंड ठेवून उभ्या राहत. ग्रादिमिर शिव्या देत होता, आधी मेंढ्यांना, मग गवताला. शेवटी त्याने रूमेनाच्या गोठ्यातली कोयती, लांब दांड्याची, मागून घेतली आणि गवतातून एक आडवी वाट कापली. तिने मागून कापलेलं ओढून काढलं. मग दुसरी वाट, तिसरी. एक म्हातारी मेंढी आत शिरली, काहीतरी हिरवं तिला सापडलं, आणि बाकीच्या तिच्यामागे ओतल्यासारख्या गेल्या.

दिवसभर त्या तिथे होत्या. कळप खाली आणायचा, परत वर न्यायचा, परत खाली. दुपारपर्यंत उतार कसा दिसत होता ते सांगते: घाण. तुडवलेला, लेंड्यांनी भरलेला, माती वर आलेली, गवत काळं पडलेलं. खात्यातल्या त्या माणसांनी पाहिला असता तर रडली असती. रूमेना मधोमध उभी होती आणि जिथे मेंढ्या जात नव्हत्या तिकडे हातवारे करून त्यांना ढकलत होती. एकदा तिने त्याला भाकरी आणि कांदा दिला, तो त्याने कुंपणाच्या खांबावर बसून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी ग्रादिमिरच्या दारात गाडी आली, तेव्हा आम्ही दोघीही तिथे होतो. व्यापारी मेंढ्यांचे दात बघून वर चढवत होता. तीन म्हाताऱ्या त्याने खाली उतरवल्या; दात गेलेले, कोण घेणार. ग्रादिमिर त्यांच्याकडे बघत उभा राहिला. आता सुरी आणावी लागेल; त्याला तेवढंच करणं शक्य होतं. त्याची बॅग गाडीजवळ बांधून ठेवलेली होती. रूमेना पुढे झाली आणि तिने त्या तिघींचा दोर हातात घेतला.

मग ग्रादिमिर बोलायला लागला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ही डाव्या बाजूने चरते, हिला विहिरीचं पाणी चालत नाही, ओढ्याचं लागतं. तिला बर्फात एकटी ठेवू नकोस. या तिसरीला आठवड्यातून एकदा मुठीतून मीठ दे, ताटलीत दिलंस तर तोंड लावणार नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. रूमेनाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तो गाडीत ड्रायव्हरशेजारी चढून बसला, काच खाली केली, आणखी काहीतरी सांगणार होता, पण गाडी सुटली.

त्या तिघी आठवडाभर रस्त्याकडे तोंड करून ओरडत होत्या. बहिऱ्या शेजाऱ्याला सोडून सगळ्या वाडीने ऐकलं.

एका दिवसाच्या तुडवण्याने डोंगर वाचत नाही, हे मी रूमेनाला सांगितलं आणि ते खरंच आहे. दर वर्षी चरायला हवं, कळप हवा, आणि कळप आता पलीकडच्या खोऱ्यातही नाही. तिने ऐकून घेतलं. मुलाला तिने कळवलं की ती येणार नाही, आणि मेंढ्या नसलेल्या घरात तिचं काय काम, असंही काहीतरी त्याला ऐकवलं. तो बिचारा काय समजला असेल देव जाणे.

मे महिन्यात मी वर गेले. नवं गवत यायला लागलं होतं, पण माती अजून दिसत होती. खुरांच्या खुणांत, जिथे पाणी साठून सुकलं होतं, तिथे बारीक काटेरी पानं होती. सगळीकडे नाही. पट्ट्यापट्ट्यांत, जसा कळप गेला होता तशी. रूमेना गुडघ्यांवर बसून भोवतीचं गवत हाताने उपटत होती. ही फुलतील तेव्हा ती असेल का, हे मी विचारलं नाही. तिला मोजता येतं. ती मला बसही म्हणाली नाही. माथ्यावर गेली असताना ग्रादिमिरचा फोन आला होता म्हणाली, त्याने मेंढ्यांची चौकशी केली. चाळणीची केली का, मी विचारलं. नाही, म्हणाली, त्याला वाटत असेल, ती उगवलीच नसली तर काय बोलायचं.

"मग तू सांगितलंस का?"

"त्याने विचारायला हवं ना," रूमेना म्हणाली, आणि पुढच्या खुणेकडे सरकली.

मी उतरायला लागले. वळणावरून मागे पाहिलं तर ती तशीच वाकलेली होती आणि त्या तीन म्हाताऱ्या मेंढ्या तिच्या अवतीभवती उभ्या राहून तिच्या मुठी हुंगत होत्या.